‘ड्रामा करू नकोस’ : इंग्रजीत नेमका कोणता शब्द?

मूल जरा मोठ्याने रडले की घरात कुणीतरी म्हणतेच, "ड्रामा बंद कर!" मराठीत नाटकं, उर्दूत नौटंकी, एका शब्दात काम भागते. इंग्रजीत मात्र यासाठी चार-पाच शब्द आहेत. शब्दकोशात बहुतेकांपुढे ‘नाटकी’ एवढेच लिहिलेले असते, म्हणून मुले ते एकमेकांच्या जागी वापरतात. फरक ओळखायचा सोपा मार्ग असा : अतिरेक कशात आहे ते पाहा.

ड्रॅमॅटिक : यात दोष असेलच असे नाही. अचानक आणि ठळक बदलालाही हाच शब्द लागतो. गणितात 40 वरून 85 गुण झाले तर ती ‘ड्रॅमॅटिक इम्प्रूव्हमेंट’, म्हणजे चक्क तारीफ.

थिएट्रिकल : अतिरेक ढंगात. ग्रीक ‘थिएट्रॉन’ म्हणजे बघण्याची जागा. वक्तृत्व स्पर्धेतले मोठे हातवारे, आवाजाचे चढउतार, हे थिएट्रिकल.

मेलोड्रॅमॅटिक : अतिरेक भावनेत. ग्रीक ‘मेलॉस’ म्हणजे गाणे. 18व्या शतकात फ्रान्समध्ये संगीताच्या साथीने होणाऱ्या नाटकांवरून शब्द आला. मोबाईलचा रिचार्ज संपला आणि मुलगा म्हणतो, "अम्मी, माझी जिंदगी संपली!" दुःख खरे असेल, पण माप चुकले. उर्दूत आपण याला मुबालगा म्हणतो.

हिस्ट्रिऑनिक : अतिरेकामागे हेतू. लॅटिन ‘हिस्ट्रिओ’ म्हणजे नट. लोकांनी बघावे, कीव करावी म्हणून केलेला देखावा. आपला ‘कांगावा’ याच्या जवळचा. हा शब्द बहुधा निंदेसाठीच वापरतात.

हिस्टेरिकल : ऐकायला आधीच्या शब्दासारखा, पण मूळ वेगळे. यात अभिनय नाही, माणसाचा स्वतःवरचा ताबाच सुटलेला असतो. ग्रीक ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. जुने वैद्य हा बायकांचाच आजार समजत. म्हणून आज एखाद्या स्त्रीला हिस्टेरिकल म्हणणे अपमानाचे मानतात. बोलण्यात मात्र ‘हिस्टेरिकल जोक’ म्हणजे हसून हसून पोट दुखेल असा विनोद!

आता पालकांसाठी महत्त्वाची गोष्ट. परीक्षेच्या सकाळी मुलगी थरथरते, तिला नीट श्वास घेता येत नाही. तिला ‘मेलोड्रॅमॅटिक’ म्हटले तर तिची भीती आपण छोटी केली. ‘हिस्ट्रिऑनिक’ म्हटले तर ती सोंग करते, असा आरोपच झाला. दुसऱ्याच्या मनातला हेतू आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून शाळेला चिठ्ठी लिहिताना किंवा डॉक्टरांना सांगताना विशेषण नको, जे दिसले तेच लिहा : ‘शी वॉज क्रायिंग अँड शेकिंग.’ ती रडत होती, थरथरत होती. इंग्रजी सोपी राहते आणि मुलीवर खोटेपणाचा शिक्काही बसत नाही.

मुलांना हे पाच शब्द जरूर शिकवा. सोबत एवढेही सांगा, की सिनेमातल्या पात्राला ते बिनधास्त लावा, समोरच्या माणसाला लावण्याआधी त्याला एकदा विचारा, "काय झालं?"