आपले घर, आपणच विकू – भाग ४ : विसार ते किल्ली

भाव ठरला, जाहिरात झाली, घर दाखवून झाले. इथवर आपण गेल्या तीन भागांत आलो. समजा, पुण्यातल्या तुमच्या फ्लॅटचा सौदा ८० लाखांना पटला. आता एजंटाची गरज काय, असे इथे हमखास वाटते. पण गिऱ्हाईक आणणे हा दलालीतला सोपा भाग. विसारापासून किल्लीपर्यंत कोणता कागद आधी आणि कोणते पैसे नंतर, हा क्रम राखणे हे खरे काम, आणि ते आता तुमच्याकडे आले आहे.

विसारपावती

समोरचा माणूस कितीही सज्जन असला तरी पावती कराच. तीत फ्लॅटचा तपशील, ठरलेली किंमत, विसाराची रक्कम, ती कशी मिळाली आणि करारनामा कधीपर्यंत करायचा, हे सगळे हवे. शिवाय दोन अवघड प्रश्नांची उत्तरेही हवीत. त्याला कर्ज मिळाले नाही तर? आणि तुमचाच विचार बदलला तर? पहिल्यासाठी कलम असे लिहिता येईल : ‘खरेदीदारास कर्ज नामंजूर झाल्यास बँकेचे पत्र दाखवल्यापासून १५ दिवसांत विसाराची संपूर्ण रक्कम परत करण्यात येईल.’ एजंट असता तर त्याने हे चहाच्या कपावर बोलून घेतले असते. आता भीड सोडून तुम्हीच बोला.

विसार चेकने किंवा बँकेतूनच घ्या. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे कायद्याला मान्य नाही. दंड घेतलेल्या रकमेइतका बसू शकतो आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

फाइल

आधीचे सर्व नोंदणीकृत करारनामे, प्रत्येकाची इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला एकत्र लावा. घर वडिलांचे होते आणि नॉमिनी म्हणून सोसायटीत तुमचे नाव लागले असेल, तर जरा थांबा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीच्या वारसांच्या सह्या किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल.

आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणाला सोसायटीच्या एनओसीची सक्ती नाही, १५ दिवसांची नोटीस मात्र द्यावी लागते. तरीही खरेदीदाराची बँक एनओसी मागतेच, म्हणून अर्ज लवकर टाका. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियम २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. वर ‘देणगी’ मागितली तर नियम दाखवा.

८० लाखांचा हिशेब

खरेदीदाराची बँक ६४ लाख देणार, उरलेले १६ लाख त्याचे. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने तो १ टक्का टीडीएस, म्हणजे ८०,००० रुपये, कापून तुमच्या पॅनवर भरेल. तो सगळा त्याने सुरुवातीलाच भरला असे धरू. १ लाख विसारात आले. राहिले १४ लाख २० हजार. (विक्रेता परदेशस्थ असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागत नाही, कपात बरीच जास्त असते. आधी सीए गाठा, मग विसार घ्या.)

तुमचे १२ लाखांचे कर्ज बाकी असेल तर मूळ कागद तुमच्या बँकेकडे अडकलेले असतात आणि ते सुटेपर्यंत सहसा ६४ लाख हलत नाहीत. म्हणून आधी करारनाम्याची नोंदणी करा. मग त्या १४ लाख २० हजारांतले १२ लाख खरेदीदाराने थेट तुमच्या कर्जखात्यात भरावेत, उरलेले तुम्हाला द्यावेत. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. करारनाम्यातल्या तारखा हे ३० दिवस धरूनच टाका.

मुद्रांक शुल्क पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के, म्हणजे इथे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी ३०,००० रुपये. हा खर्च रीतीप्रमाणे खरेदीदाराचा. तुम्ही मात्र वाचलेल्या दलालीतले थोडे पैसे वकिलावर खर्च करा. टायपिंगवाल्याकडच्या जुन्या नमुन्यात नाव-गाव बदलून असा करार होत नाही.

किल्ली

‘रंगकामापुरती किल्ली द्या’ ही विनंती येणारच. गोड बोलून नाही म्हणा. ६४ लाख खात्यात दिसले की ताबापावती करा, तीत वीजमीटरचे रीडिंग लिहा, दोघांनी सह्या करा आणि मग किल्ली द्या.

पुढील आठवड्यात : विक्रीच्या नफ्यावर कर किती, आणि तो कायदेशीरपणे कसा वाचवायचा.