लॅपटॉपचे वायफाय वारंवार तुटते तेव्हा
घरातील संगणक-जाळे : लेखांक ६

इंटरनेट बंद पडले की राउटरचे बटण बंद करून पुन्हा चालू करण्याची प्रथा घरोघरी रूढ आहे, आणि एखाद्या वेळच्या अडचणीला ती पुरेशीही ठरते; परंतु जोडणी दिवसातून अनेक वेळा तुटत असेल तर हाच उपाय दोषाच्या शोधाआड येतो. बहुतेक घरगुती राउटर आपल्या कामकाजाची नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात, त्यामुळे वीज बंद होताच ती पुसली जाते. लॅपटॉपवरील लक्षणेही नव्या जोडणीबरोबर नाहीशी होतात आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा शून्यापासून सुरू करावा लागतो. म्हणून जोडणी तुटल्यानंतरची पहिली दोन मिनिटे कशालाही हात न लावता केवळ निरीक्षणासाठी राखून ठेवावीत, हे या लेखांकातील विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

लॅपटॉपपासून बाहेरच्या जगापर्यंतची वाट तीन टप्प्यांची असते. लॅपटॉपमधील वायफाय कार्ड आणि राउटर यांच्यातील लहरींची जोडणी हा पहिला टप्पा. राउटरने लॅपटॉपला आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातील ओळखीचा आकडा, नेमून देणे हा दुसरा. आणि राउटरपासून सेवापुरवठादारापर्यंतची फायबरची किंवा केबलची तार हा तिसरा. तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला तर जाळ्याचे नाव जोडलेलेच दिसते आणि त्याखाली ‘नो इंटरनेट’ अशी सूचना येते. पहिला टप्पा तुटला तर जोडणीच नाहीशी होते. दुसरा फसला तर विंडोज लॅपटॉप स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतो. तो नेहमी १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होतो, आणि ‘आयपीकॉन्फिग’ या आज्ञेच्या उत्तरात तो दिसला की राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, हे निश्चित समजावे.

त्याच वायफायवरील मोबाईल चालतो की नाही, ही सर्वांना सुचणारी चाचणी आहे, मात्र तीत एक फसगत दडलेली असते. वायफायवरून इंटरनेट मिळेनासे झाले की अनेक फोन गाजावाजा न करता सिमकार्डच्या डेटावर जातात. परिणामी फोन सुरळीत चालल्याचा भास होतो आणि दोष नाहक लॅपटॉपच्या माथी येतो. ही चाचणी करण्यापूर्वी फोनचा मोबाईल डेटा बंद करणे आवश्यक आहे.

याहून खात्रीची परीक्षा ‘पिंग’ या आज्ञेने होते. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला लहानसा संदेश पाठवून त्याचे उत्तर किती वेळात येते हे मोजणे. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला (‘आयपीकॉन्फिग’मध्ये हा पत्ता ‘डीफॉल्ट गेटवे’समोर दिसतो, पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ असतो) आणि दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला अखंड पिंग सुरू ठेवावे, म्हणजे जोडणी बिघडताना दोष कोणत्या बाजूला आहे ते दिसते. राउटरकडून उत्तरे येत असताना दुसऱ्या खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ उमटू लागले, तर लॅपटॉप बहुधा निर्दोष आहे आणि तक्रार सेवापुरवठादाराकडे न्यावी. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा तांबडा दिवा लागलेला असेल तर प्रश्नच उरत नाही. राउटरकडून एरवी दोन-पाच मिलिसेकंदांत येणारे उत्तर तुटण्यापूर्वी शेकडो मिलिसेकंदांपर्यंत लांबत गेले, तर लहरींच्या वाटेतील अडथळ्याचा संशय घ्यावा. उलट ते शेवटपर्यंत ठणठणीत राहून एकाएकी ‘जनरल फेल्युअर’ आले, तर कार्ड किंवा त्याचे ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला विंडोजशी बोलते करणारे सॉफ्टवेअर, पाहावे लागते.

विंडोज १० पासून ‘नेटश’ या आज्ञेच्या साहाय्याने ‘डब्ल्यूलॅन रिपोर्ट’ नावाचा अहवालही काढता येतो. मागील तीन दिवसांत जोडणी केव्हा झाली, केव्हा तुटली आणि ती वापरकर्त्याने तोडली, राउटरने की ड्रायव्हरने, याचा आलेख त्यात वेळेसह मिळतो. त्यातील वेळांची लय पाहण्यासारखी असते. जोडणी साधारण तासातासाने तुटत असेल तर सामूहिक किल्लीच्या नूतनीकरणाकडे बोट जाते. राउटर सर्व यंत्रांना एकत्र पाठवल्या जाणाऱ्या संदेशांसाठी एक गुप्त किल्ली वापरतो आणि ती ठरावीक काळाने बदलतो. अनेक राउटरमध्ये हा काळ मुळात ३,६०० सेकंदांचा असतो, आणि सदोष ड्रायव्हर या बदलाला वेळेत उत्तर देऊ शकला नाही की राउटर त्या लॅपटॉपला बाहेर काढतो. लॅपटॉप काही काळ पडून राहिल्यानंतरच जोडणी जात असेल तर वीजबचतीच्या योजनेवर संशय घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमधील वायफाय कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करण्याची मुभा विंडोजला देणारी एक खूण असते, ती काढून टाकावी. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पान दिसतच नाही, तिथे ड्रायव्हर बदलणे हाच मार्ग उरतो. बिघाड विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतर सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने आधीची आवृत्ती परत आणणे, आणि एरवी लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवी आवृत्ती घेणे श्रेयस्कर. ड्रायव्हर आपोआप ‘अपडेट’ करून देण्याचा दावा करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यांच्यापासून लाभापेक्षा उपद्रवच अधिक होतो.

लहरींच्या वाटेतील अडथळे समजण्यासाठी वारंवारितेच्या पट्ट्यांचा विचार करणे भाग आहे. वायफायचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला. या पट्ट्यात १ ते १३ असे चॅनेल असले तरी त्यांच्या केंद्रांमध्ये केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर आहे आणि प्रत्येक जोडणीला किमान २० मेगाहर्ट्झची रुंदी लागते, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच उरतात. पुण्या-ठाण्यातील एखाद्या इमारतीत भिंतीपलीकडे, वर आणि खाली मिळून डझनभर राउटर असतात, ते सर्व या तीन जागांत दाटीवाटीने बोलत असतात, आणि त्यात ब्लूटूथ व सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालणारा मायक्रोवेव्ह ओव्हन यांची भर पडते.

सहसा लक्षात न येणारा एक त्रास टेबलावरूनच उद्भवतो. यूएसबी ३.० च्या वेगवान संदेशवहनातून निर्माण होणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते. बाहेरची हार्डडिस्क जोडली की वायफाय मंदावते, बिनतारी माउस अडखळू लागतो आणि डिस्क काढताच दोन्ही पूर्ववत होतात, असे दिसले तर निदान तिथेच पूर्ण झाले. चांगल्या आवरणाची केबल वापरणे, डिस्क लॅपटॉपपासून हातभर दूर ठेवणे किंवा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जाणे, यांपैकी काहीही चालते.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असला तरी त्याच्या लहरी भिंतींत अधिक क्षीण होतात. संकेताची तीव्रता उणे आकड्यांत, डीबीएम या मापाने मोजतात आणि तीत १० चा फरक म्हणजे दहापट शक्तीचा फरक असतो. उणे ५० उत्तम मानावे. उणे ७० च्या खाली गेल्यास व्हिडिओ कॉल अडखळू लागतो आणि उणे ८० च्या आसपास जोडणी टिकणे कठीण होते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर कडेच्या खोलीतील लॅपटॉप दोहोंमध्ये सारखा येरझारा घालतो आणि प्रत्येक फेरीत क्षणभर तुटतो. पट्ट्यांना वेगवेगळी नावे देणे हा त्यावरचा सर्वात साधा उपाय. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ५२ ते १४४ क्रमांकांचे चॅनेल हवामान व इतर रडारांच्या वारंवारितांशी सामायिक आहेत. रडारची चाहूल लागताच चॅनेल सोडून जाण्याची व्यवस्था ज्या राउटरमध्ये असते, तिथे घरातील सर्वच यंत्रे एकदम तुटतात, तेव्हा राउटरला ३६ ते ४८ मधील चॅनेल बांधून द्यावा.

राउटरच्या विजेचाही विचार हवा. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणिक खंडातही काही राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि त्यात दोन-तीन मिनिटे जातात. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ मोडचा खटका असतो, त्याने हा खंड आखूड होतो. अन्यथा राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. जुनाट अ‍ॅडाप्टरची शक्ती मंदावल्यामुळे राउटर मध्येच दम तोडतो, हेही वारंवार आढळते.

एवढे सगळे पाहूनही दोष लॅपटॉपच्याच पदरी राहिला तर लक्ष पडद्याच्या बिजागरीकडे वळवावे. वायफायचे अँटेना बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याच्या चौकटीत बसवलेले असतात आणि त्यांच्या बारीक तारा, सहसा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली उतरून कार्डावरील इवल्याशा सोनेरी टोप्यांवर दाबून बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षे झाकण उघडल्या-मिटल्याने तार तुटते किंवा टोपी सुटते, आणि मग झाकण विशिष्ट कोनात झुकवले की संकेत कोसळतो. कार्ड बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी एखादा यूएसबी वायफाय अ‍ॅडाप्टर मागून आणून त्याच जागी, त्याच राउटरवर दिवसभर चालवून पाहावा, आणि तो यूएसबी ३ च्या खोबणीला लगटून न बसवता लहानशा एक्स्टेन्शन केबलने दूर काढावा. अ‍ॅडाप्टर तुटत नसेल तर कार्ड किंवा तार बदलण्याचा निर्णय निःशंकपणे घ्यावा. कार्ड मदरबोर्डवरच झाळलेले असल्यास, जसे काही बारीक बांध्याच्या लॅपटॉपमध्ये असते, तोच अ‍ॅडाप्टर विकत घेऊन कायमचा वापरणे स्वस्तात पडते.