जटायूचे तर्पण

भाद्रपदाचा कृष्ण पक्ष आज सर्वपित्री अमावास्येने संपत आहे. ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांचे नाव घेणारे मागे कोणी उरले नाही, अशा साऱ्यांना आज तिळोदक द्यावयाचे असते. घरोघरी वडे, खीर, भात यांचे पान वाढून गच्चीवर ठेवले जाते आणि यजमान कावळ्याची वाट पाहत उभा राहतो. आपल्या पूर्वजांनी मृतांचा निरोप पोचविण्याचे काम पक्ष्याकडे सोपविले, ही गोष्ट सहज घडलेली नाही. देहाचे अखेर काय होते आणि त्याची विल्हेवाट कोण लावतो, हे उघड्या रानात राहणाऱ्या त्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले होते.

या पक्षात आणखी एका पक्ष्याचे स्मरण व्हावयास हवे. रावणाशी झुंजताना पंख छाटले गेलेला जटायू श्रीरामांच्या पुढ्यात प्राण सोडतो. रामांनी त्याला दशरथासमान मानले, स्वहस्ते चिता रचली, पिंड दिले आणि गोदावरीवर जाऊन उदक अर्पण केले. पित्याच्या अंत्यसमयी जवळ नसलेल्या पुत्राने एका गिधाडाचे और्ध्वदेहिक करावे, हा रामायणातील फार हृद्य प्रसंग होय. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद येथे हा प्रसंग घडला, अशी आपल्याकडील श्रद्धा आहे. त्या क्षेत्री भाविक आजही जातात. परंतु मान वर करून आकाशाकडे पाहिले, तर जटायूचे कुलबांधव तेथे क्वचितच दृष्टीस पडतात.

रिते झालेले आकाश

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गिधाड ही काही नवलाची वस्तू नव्हती. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की घटकाभरात आकाशात काळे ठिपके फिरू लागत आणि पाहता पाहता पन्नास-शंभर पक्षी उतरत. उरत ती केवळ हाडे. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा तर १९८०च्या सुमारास मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये जगात बहुधा सर्वांत विपुल पक्षी मानला जात असे. मुंबईत मलबार टेकडीवरील डुंगरवाडीत पारशी बांधवांचे अंत्यविधी शतकानुशतके याच पक्ष्यांच्या भरवशावर पार पडत आले.

मग काही वर्षांतच आकाश रिते झाले. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात पूर्वी शेकडो घरटी असत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे रिकामी घरटी आणि झाडांखाली पडलेले मृत पक्षी दिसू लागले. पुढे देशभर गणना झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरले होते. लांब चोचीच्या गिधाडांपैकी शंभरात तीन उरली.

करुणाच विष झाली

प्रथम एखाद्या साथीचा संशय आला. उत्तर मिळाले ते २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. दुखऱ्या, लंगड्या गुराला आराम पडावा म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध या नाशाचे मूळ होते. औषध दिल्यावर जनावर थोड्याच दिवसांत दगावले, तर त्याचा अंश मांसात राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, आतील इंद्रियांवर पांढऱ्या क्षारांचे पुट चढते आणि काही दिवसांत पक्षी मरतो. घाव घातला गेला तो वैराने नव्हे, तर म्हाताऱ्या गाईच्या कळवळ्याने. या कहाणीतील खरे दुःख हेच आहे.

शेकड्यात एकाहूनही कमी मृत जनावरांत विष असेल, तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे होते. याचे इंगित गिधाडाच्या जीवनक्रमात आहे. हा पक्षी पाचव्या वर्षाच्या सुमारास जाणता होतो आणि जोडपे वर्षाकाठी एकच अंडे घालते. पूर्ण वाढलेले पक्षी दीर्घकाळ जगावेत, एवढ्याच हिशेबावर निसर्गाने हे कुळ चालविले आहे. त्यातच एका जनावरावर अनेक पक्षी जेवतात. म्हणजे एका दूषित पानावर सारी पंगत बळी पडते. जन्माची गती मंद आणि मृत्यूची थोडीशीच वाढलेली, एवढ्याने कोट्यवधींची जात शून्याकडे ढळते.

रिकामे पान रिकामे राहत नाही

निसर्गात वाढलेले पान कोणी ना कोणी उचलतोच. गिधाडे गेली, पण जनावरे मरावयाची थांबली नाहीत. त्या मांसावर भटकी कुत्री पोसली गेली. गिधाडीण एक अंडे देते, तर कुत्री एका वेतात पाच-सहा पिले. गिधाडाच्या जठरातील तीव्र आम्ल कित्येक रोगजंतू नष्ट करते. कुत्रा मात्र पिसाळरोगाचा वाहक ठरतो. काम तेच, परंतु कामकरी बदलला आणि त्याची किंमत माणसाने मोजली. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे विपुल होती, तेथे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने मांडला आहे. कुत्र्यांची वाढ आणि दूषित झालेले पाणी ही त्याची कारणे त्यात सांगितली आहेत. डुंगरवाडीतही पक्ष्यांअभावी सूर्यकिरण एकवटणाऱ्या उपकरणांचा आश्रय घ्यावा लागला.

उपाय अगदीच झाले नाहीत असे नाही. गुरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यावर २००६ साली भारतात बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या चोरवाटेने गोठ्यात जात. म्हणून २०१५ साली त्या बंद करून ३ मिलिलिटरची मर्यादा घालण्यात आली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही तशीच घातक औषधे २०२३ साली गुरांसाठी निषिद्ध ठरली. हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते. तेथील पक्षी २०२४ साली आपल्या पेंच आणि ताडोबाच्या अरण्यांतही आणले गेले. तथापि जे कुळ वर्षाला एकच अंडे घालते, ते पंधरा वर्षांत नष्ट झाले तरी पंधरा वर्षांत भरून येत नाही. आपल्या नातवंडांना कदाचित ते दिसेल.

तर्पणाच्या विधीत ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांना उदक देण्याची आपली परंपरा आहे. आजच्या ओंजळीत जटायूच्या कुळाचाही वाटा असावा. मात्र त्यांना केवळ पाणी पुरणार नाही. घरी गुरे असणाऱ्याने, गोशाळा चालविणाऱ्याने दुखऱ्या जनावराला सुई टोचण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारावे, की हे औषध गिधाडाला मारणारे तर नाही ना? रामांनी जटायूला अग्नी दिला तो एकदाच. त्याच्या कुळाला पुन्हा पुन्हा तो देण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.