पुण्याहून येणारा रिपोर्ट

‘नमुना पुण्याला पाठवलाय, रिपोर्ट आला की कळेल.’ मराठवाड्यातल्या कितीतरी नातेवाइकांनी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून हे वाक्य ऐकलं आहे. छत्रपती संभाजीनगर ते पुणे साधारण २३५ किलोमीटर. साथीच्या दिवसांत हे अंतर रात्रींमध्ये मोजावं लागे. ते कसं कमी होत गेलं, याचा हा मागोवा.

सुरुवात १९९४ पासून करायला हवी. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. ऑगस्टमध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर मरून पडू लागले आणि मग माणसांना ताप आणि गाठी. गाठींचा ताप महाराष्ट्राला अनोळखी नव्हता. हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा मुंबईत परळला १८९९ सालीच उभी राहिली होती. पण १९६६ नंतर देशात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. जो जंतू तीन दशकं समोर आला नाही, त्याच्या तपासणीची हाताची सवय मोडली होती. लवकरच सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग पसरल्याची बातमी आली, माणसं शहर सोडून पळाली, परदेशांनी विमानं थांबवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत देशभरातले संशयित रुग्ण ६९३ आणि मृत्यू ५६. आणि हा खरंच प्लेग होता का, हा वाद त्यानंतरही धुमसत राहिला. तो प्लेगच असल्याचा जनुकीय पुरावा २००० साली प्रसिद्ध झाला. तोवर साथ विसरलीही गेली होती.

त्या फजितीतून देश थोडं शिकला. नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून साथीची माहिती वर जाऊ लागली. माहिती जाऊ लागली, तरी विषाणूचं नाव सांगणारी यंत्रणा मोजक्याच ठिकाणी होती. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. राष्ट्रीय विषाणू संस्था त्याच शहरात, तरीही तपासणीसाठी रांगा लागल्या. जिथून नमुना एसटीच्या रस्त्याने यायचा, तिथली प्रतीक्षा किती लांब असेल! २०१३ पासून वैद्यकीय महाविद्यालयांत विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळांचं जाळं विणायची केंद्राची योजना आली, ती या अनुभवानंतर.

मग २०२०. वर्षाच्या सुरुवातीला नव्या कोरोना विषाणूची तपासणी देशात एकाच ठिकाणी होत होती, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, पहिला रुग्ण १५ मार्चला जाहीर झाला, तोही पुण्याच्या रिपोर्टवरून. घशातला स्वॅब द्रवाच्या नळीत, नळी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा बर्फाच्या पेटीत, आणि पेटी गाडीत. मार्चअखेर घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तपासणी सुरू झाली आणि ही गाडी थांबली. आरटी-पीसीआरला काही तासच लागतात. खरा उशीर प्रवासाचा आणि रांगेचा असतो.

रांग मात्र वाढतच गेली. मदत आली ती अनपेक्षित दिशेने. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग केंद्र आहे. डीएनएच्या लहानशा तुकड्यावरून जिवाची प्रजाती ओळखणं हे तिथलं काम. पीसीआर यंत्र, मोजून द्रव टाकणारी पिपेट, दूषित होऊ न देण्याची शिस्त, सगळं तिथे रोजच्या वापरातलं. २०२०च्या मध्यावर विद्यापीठात कोरोना तपासणीची प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा ही सवय कामी आली. विद्यापीठाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, उपकेंद्रातही तशीच प्रयोगशाळा उभी राहिली. क्षयरोगासाठी गोव्यात बनलेलं ट्रूनॅट यंत्रही देशभर असंच कोरोनाच्या कामाला जुंपलं गेलं. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात देशातल्या प्रयोगशाळांची संख्या एक हजारावर पोहोचली. ऑगस्टमध्ये एका दिवसात दहा लाख तपासण्या झाल्या.

हे आकडे ऐकून छाती फुगते, पण त्यांच्या मागचं खरं भांडवल वेगळं होतं. यंत्र निविदेने येतं, किट विमानाने येतं. दूषित नळी नजरेनेच ओळखणारा, नियंत्रण नमुना बिघडला की अख्खी खेप फेकून पुन्हा सुरू करणारा माणूस मात्र असा आयत्या वेळी मागवता येत नाही. तो रोजच्या कामातून घडतो. १९९४ मध्ये प्लेगच्या बाबतीत मोडली होती ती हीच साखळी. २०२०मध्ये डीएनए बारकोडिंगने आणि क्षयरोगाच्या तपासण्यांनी ती नकळत टिकवून ठेवली होती.

म्हणून साथ ओसरल्यावरचे दिवस जास्त काळजीचे. करारावर घेतलेल्या माणसांचे करार साथीबरोबरच संपतात. डेंग्यू, कावीळ, मेंदूज्वर यांचे नमुने येत राहिले, तरच यंत्राभोवती माणसं राहतात. नाहीतर यंत्रावर प्लास्टिकचं आच्छादन चढतं.

एखाद्या प्रयोगशाळेची ताकद साथीच्या वर्षी मोजू नये. एखाद्या निवांत फेब्रुवारीत, वॉर्ड रिकामे असताना, आत डोकावून पाहावं. किट मुदतीतले आहेत का, उणे ऐंशीचा फ्रीज चालू आहे का, आणि पिपेट हातात धरलेल्या त्या मुलीचा करार पुढच्या महिन्यात संपतोय का. पुण्याचा रस्ता पुन्हा किती लांब होणार, ते तिथेच कळतं.