पत्र्याला ऋतू कळला तर

एप्रिलच्या दुपारी धाराशिव जिल्ह्यातल्या भूमच्या एखाद्या खवाभट्टीत उभं राहून पाहावं. खाली जाळ, डोक्यावर तापलेला पत्रा. डिसेंबरच्या पहाटे इथल्या बालाघाटाच्या डोंगररांगेवर हाच पत्रा गारठतो. जुना, गंजलेला असेल तर अधिकच, कारण निरभ्र आकाशाखाली तो रात्रभर आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडत असतो. उन्हाळ्यात चुना मारावा तर पत्रा थंड राहतो खरा, पण तोच चुना थंडीतलं हवंहवंसं ऊनही परत पाठवतो.

ऋतू ओळखणारं छत करता येईल का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या जुनच्याओ वू यांच्या गटाने 2021 मध्ये असा लेप करून दाखवला. चांदीचा पातळ थर, त्यावर बेरियम फ्लोराइड आणि त्यात नक्षीसारखे बसवलेले व्हॅनेडियम डायऑक्साइडचे सूक्ष्म चौकोन. प्रकाशाला हवं तसं वळवणाऱ्या अशा नक्षीदार पृष्ठांना मेटासरफेस म्हणतात. या पृष्ठाला ना तार, ना बटण. त्याची कळ म्हणजे तापमान.

व्हॅनेडियम डायऑक्साइडचा विक्षिप्तपणा शास्त्रज्ञ मॉरिन यांनी 1959 मध्येच नोंदवला होता: 68 अंश सेल्सिअसला तो एकाएकी धातूसारखा वागू लागतो आणि थंड झाला की पूर्ववत होतो. छतासाठी 68 फार झाले. म्हणून बर्कलीच्या गटाने त्यात दीड टक्का टंगस्टन मिसळून हा उंबरठा 22 अंशांच्या आसपास आणला. थंडीत चौकोन अवरक्त किरणांना पारदर्शक असतात. खालची चांदी उष्णता फारशी सोडत नाही, उत्सर्जकता, म्हणजे उष्णता सोडण्याची क्षमता, 0.20 राहते. गरम झाल्यावर चौकोन धातुरूप होतात, त्यांच्यात आणि चांदीत अवरक्त लहरी अडकून शोषल्या जातात. जो चांगलं शोषतो तो चांगलं सोडतोही; उत्सर्जकता 0.90 होते. उन्हाचं शोषण मात्र ऋतूनुसार फारसं बदलत नाही, ते सुमारे पाव भागावर राहतं. ही या लेपाची मर्यादाच.

गटाने अमेरिकेच्या निरनिराळ्या हवामानांसाठी गणित मांडलं. उन्हाळा-हिवाळा दोन्ही कडक असतील तिथे लेप सरस ठरला. जिथे वर्षभर उकाडाच, तिथे साधं पांढरं छतही तोडीस तोड. धाराशिवचा उन्हाळा लांब, हिवाळा आखूड. शिवाय चांदी आणि चिपच्या कारखान्यातली नक्षी पत्र्याच्या भावात बसणारी नाही. माझ्या मते भट्टीवाल्याने आज तरी चुन्याचा डबाच आणावा.