चेंडूचा विटाळ नव्हता, कपाचा होता!

आंजर्ले म्हटले की पर्यटकाला कड्यावरचा गणपती आठवतो, समुद्रकासवे आठवतात. आम्हाला आठवते ती ओहोटीची ओली, घट्ट वाळू. पाणी मागे सरले की पोरांना आयते मैदान मिळते. शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबईचा चाकरमानी गावी आला की कोकणात क्रिकेटचे, कबड्डीचे सामने भरतात. वाळूला जात नसते. संघाला मात्र असते. कारण कोकणात वाडी जातीची आणि संघ वाडीचा. बौद्धवाडीचा, कुणबीवाडीचा, भंडारवाडीचा. आमच्या तरुणांच्या क्रीडा मंडळांविषयी बोलायचे तर इथूनच सुरुवात केली पाहिजे.

दापोली तालुक्याचे आणि चळवळीचे नाते जुने आहे. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर दापोली कॅम्पात राहिले. माता रमाईंचे वणंद याच तालुक्यातले. या मातीतला तरुण मैदानात उतरतो तेव्हा तो केवळ करमणूक करीत नाही. तो आपली जागा मागत असतो. ही जागा मिळवताना काय सोसावे लागते, हे पळवणकर बाळू यांच्या आयुष्यात दिसते.

चांभार समाजातले बाळू पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीवर रोलर फिरवीत, जाळी बांधीत. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते मोठे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. मग पुण्यातल्या हिंदू संघाला त्यांची गरज भासली. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. चेंडूचा विटाळ नव्हता, कपाचा होता!

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंची गोलंदाजी मोलाची होती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही त्यांना कधी रीतसर कर्णधार केले गेले नाही. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल यांनाही कर्णधारपदासाठी डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ जाहीर निषेध करून संघाबाहेर पडले. त्यांना गयावया करावीशी वाटली नाही. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. गुणवत्ता तर आधीही होती. स्वाभिमानाने नकार दिला तेव्हा तिला न्याय मिळाला, हे आमच्या पोरांनी विसरू नये.

पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. हा मतभेद आम्ही झाकून ठेवीत नाही. पण म्हणून मैदानावरचा त्यांचा लढा परका ठरत नाही.

मुंबईतले ते धर्मवार सामने १९४५-४६ च्या हंगामानंतर बंद पडले. आमचे वाडीवार सामने चालूच आहेत. म्हणून प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारतो. आमचे मंडळ कशासाठी आहे? पुढाऱ्याच्या फोटोची जर्सी घालून त्याच्या वाढदिवसाला बॅनर धरण्यासाठी? बक्षिसाची रक्कम रात्री बाटलीत बुडवण्यासाठी? तसे असेल तर मैदानाच्या कडेला निळा झेंडा लावण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आंबेडकरी मंडळाची ओळख त्याच्या वागण्यातून पटली पाहिजे. कर्णधार खेळावर ठरावा, तो अध्यक्षाचा पुतण्या म्हणून नव्हे. वर्गणीचा हिशेब बुद्धविहारात सर्वांसमोर वाचला जावा. पंचाचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी मानावा. चांगला खेळणारा शेजारच्या वाडीतला असेल तर त्यालाही संघात घ्यावे, आणि एकाच कळशीतले पाणी सर्वांनी प्यावे. दहावीच्या परीक्षेला बसलेल्या पोराला मंडळानेच अभ्यासाला पाठवावे. आणि मुली? कबड्डीच्या कडेला टाळ्या वाजवायला त्यांना किती दिवस उभे करणार? स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या मंडळात मुलींचा संघ नसेल, तर ते नाव फक्त पावती पुस्तकावरच उरले असे म्हणावे लागेल.

यासाठी पैसा लागत नाही. एक बैठक लागते. येत्या मे महिन्यात चाकरमानी गावी येतील तेव्हा सामन्यांचे वेळापत्रक ठरवण्याआधी प्रत्येक वाडीने ही बैठक घ्यावी, मुलींनाही सतरंजीवर बरोबरीने बसवावे आणि शेजारच्या वाडीलाही बोलावणे धाडावे. कोणी येईल, कोणी येणार नाही. बोलावणे आपल्याकडून गेले पाहिजे. कप वेगळा ठेवणारे आम्ही नव्हतो. निदान आमच्या मैदानावर तरी तो कधी वेगळा राहू नये.

जयभीम!