टॉवर बंद, तरी आवाज चालू : जुना हॅम रिपीटर डिजिटल करताना काय बदलायचं, काय नाही?

फोनला रेंज नसली की आपण गच्चीवर जाऊन हात उंच करतो. हॅम रेडिओवाले हेच काम एका यंत्राला कायमचं लावून देतात. त्याचं नाव रिपीटर.

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन छंद म्हणून चालवलेला वायरलेस. हातातला 5 वॉटचा सेट सपाट जमिनीवर तशाच दुसऱ्या सेटला जेमतेम 10 किलोमीटरपर्यंत गाठतो. कारण या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. मधल्या रिपीटरची अँटेना 100 मीटर उंचीवर असेल, तर तिथपर्यंतचं अंतर हिशोबाने 45 किलोमीटरच्या आसपास जातं. आपल्या जालना जिल्ह्याचंच बघा. दक्षिणेला अंबड-घनसावंगीची जमीन गोदावरीकडे उतरत जाते, तिथे अडथळा कमी. उत्तरेला भोकरदनच्या बाजूला टेकड्या मध्ये येतात. म्हणून रिपीटरची जागा आधी ठरते, मशीन नंतर.

आत काय असतं?

एक रिसीव्हर, एक ट्रान्समीटर आणि दोघांसाठी एकच अँटेना. 2 मीटर बँडवर ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी फक्त 600 किलोहर्ट्झने वेगळी असते. गंमत बघा, ट्रान्समीटर 20 वॉटने ओरडतोय आणि त्याच वेळी रिसीव्हरला त्याच्या सुमारे एकावर सोळा शून्यं इतका पट क्षीण आवाज ऐकायचाय! हे जमवतो डुप्लेक्सर, म्हणजे धातूच्या डब्यांचे फिल्टर. तो नीट जुळलेला नसेल तर महागातलं डिजिटल मशीनही बहिरंच.

डिजिटल केल्याने काय मिळतं?

डीएमआर या पद्धतीत वेळेचे 30 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात आणि ते आलटून पालटून दोन गटांना देतात. त्यामुळे 12.5 किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन संभाषणं चालतात. 2जी फोनमध्येही हीच युक्ती होती, तिथे आठ तुकडे असत. शिवाय तुमचा सेट निम्मा वेळच ट्रान्समिट करतो, म्हणून बॅटरी जास्त टिकते. आवाज सेकंदाला 2450 बिट इतका दाबला जातो आणि वाटेतल्या चुका दुरुस्त करायला आणखी 1150 बिट जोडतात. म्हणूनच खरखर नसते. पण सिग्नल फारच कमी झाला की आवाज आधी रोबोटसारखा होतो आणि मग एकदम गायब. जुन्या एफएमवर निदान खरखरीतून चार शब्द तरी कळतात.

अपग्रेड कसं करतात?

यासाठी सगळं नवीन घ्यावं लागत नाही. ब्रिटिश हॅम जोनाथन नेलर यांनी एमएमडीव्हीएम नावाची मोडेम प्रणाली लिहिली आहे. तिचं छोटं बोर्ड जुन्या दोन रेडिओंना जोडायचं आणि रास्पबेरी पायवर तिचा प्रोग्राम चालवायचा. मात्र बोर्डाला रेडिओचा कच्चा, फिल्टर न झालेला ऑडिओ लागतो. माइक आणि स्पीकरच्या सॉकेटवर भागत नाही. जुन्या रेडिओची फ्रिक्वेन्सी तापमानाने सरकत असेल तर तीही आधी ठीक करावी लागते, कारण डिजिटलला तेवढी ढिलाई चालत नाही. हीच प्रणाली एफएमही सांभाळते, त्यामुळे जुने सेटवाले बाहेर पडत नाहीत.

आता महत्त्वाचा मुद्दा

डिजिटल रिपीटर इंटरनेटला जोडला की जालन्यातून जगाशी बोलता येतं, आणि सगळ्यांना मोह तिथेच होतो. पण माझं मत स्पष्ट आहे : इंटरनेट हा बोनस, पाया नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळींनी तिथून निरोप पोहोचवले. तेव्हा मोबाइल नव्हता. आज आहे, पण टॉवरची वीज गेली आणि फायबर तुटली की आपण पुन्हा तिथेच. त्या दिवशी रिपीटर इंटरनेट शोधत बसला तर त्याचा उपयोग शून्य.

म्हणून अपग्रेड झालं की एक परीक्षा घ्यावी : इंटरनेटची वायर काढा, मेन स्विच बंद करा. तरीही दोन गावांतली माणसं बोलू शकली, तरच काम पूर्ण. ढोबळ हिशोब असा, की ट्रान्समिट करताना सुमारे 6 अँपिअर लागतात, नुसतं ऐकताना सगळं मिळून 1 अँपिअर. दिवसाचा पाचवा भाग बोलणं धरलं तर सरासरी 2 अँपिअर. 100 अँपिअर-अवर बॅटरीतली निम्मीच वापरायची ठरवली, तरी जवळपास 25 तास निघतात. सोलर पॅनल लावलं तर आणखी. आणि मराठवाड्यात वळवाच्या विजा कशा पडतात हे माहीत आहेच, तेव्हा मजबूत अर्थिंग आणि केबलवर लाइटनिंग अरेस्टर हवाच.

तुम्हाला यात यायचंय?

वय 12 पूर्ण असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही. पास झालात की परवाना आणि स्वतःचा कॉलसाइन मिळतो. परवाना नसताना ट्रान्समिट करणं गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी गुप्त भाषेत बोलायला मनाई आहे. इथलं सगळं बोलणं कुणालाही ऐकू जाईल असंच असतं. अडचणीच्या वेळी त्याचाच तर उपयोग होतो.